लोखंडाचा बर्थडे

तुमच्या मोबाइलचा आयएमईआय नंबर तुम्हाला पाठ आहे? नाही ना? बाइकचा चेसिस नंबर? लॅपटॉपचा सीरियल नंबर? निदान ऑफिसचा एम्प्लॉयी कोड तरी? चला, तो असेल, कारण त्याशिवाय पगाराची स्लिप उघडत नाही! आपल्या प्रत्येक महागड्या वस्तूवर कुठे ना कुठे एक नंबर कोरलेला असतो. पण वस्तू चोरीला जाईपर्यंत, किंवा सर्व्हिस सेंटरवाला विचारेपर्यंत, आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता जरा अमेरिकेत चला. न्यूयॉर्क-फिन्यूयॉर्क नाही, आयोवा, इलिनॉय, इंडियाना असा मक्याचा पट्टा. तिथे सुटीच्या दिवशी हातात वायर ब्रश, खडू आणि टॉर्च घेऊन शेडमध्ये शिरणारी माणसं आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांच्या ट्रॅक्टरवरचा गंज खरवडायचा, त्यावर खडू फिरवायचा आणि उमटलेले आकडे वहीत उतरवून घ्यायचे, हा त्यांचा वीकेंड. जुन्या बंदुका जमवणारे लोकही हेच करतात. फक्त त्यांच्या हातात वायर ब्रशऐवजी भिंग असतं. जुन्या बंदुकीला वायर ब्रश लावलात, तर कलेक्टर मंडळी तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

गेले काही आठवडे मी एका फीचरसाठी या जुन्या मशिन्सच्या मागे लागलेय. सुरुवातीला वाटलं होतं, सोपं असेल. नंबर वाचला, यादीत शोधला, साल मिळालं, हॅपी बर्थडे! पण नाही हो. जितकं वाचत गेले तितकं लक्षात आलं की नंबर वाचणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. खरी मजा (आणि खरा धोका) त्याच्या पुढे आहे.

एकपासून सुरू? छे!

पहिला फंडा. १ नंबरचा ट्रॅक्टर म्हणजे पहिला ट्रॅक्टर, असं आपल्याला वाटतं. पण इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९३९ मध्ये फार्मॉल एच नावाचा ट्रॅक्टर आणला, तेव्हा नंबर सुरू झाले ५०१ पासून. जॉन डिअरच्या १९२३ च्या मॉडेल डी ट्रॅक्टरचे नंबर सुरू झाले ३०४०१ पासून. म्हणजे ‘आमच्याकडचा नंबर फक्त ६१२ आहे, बघा किती जुना!’ असं कुणी फार्मॉलबद्दल सांगितलं तर तो सहाशे बारावा नव्हे, एकशे बारावा निघतो. याचा मालक तर खूशच होईल. पण ३०४५० नंबरच्या जॉन डिअरचा मालक ‘तिसेक हजारावा असेल’ म्हणून तो भंगारात काढायला निघाला, तर? तो निघतो पन्नासावा!

दुसरा फंडा, नंबराचं आद्याक्षर. फोर्डचा ९एन हा ट्रॅक्टर १९३९ चा. १९४२ मध्ये युद्धामुळे रबर आणि तांब्याची टंचाई झाली, तेव्हा फोर्डने लोखंडी चाकांचा, बॅटरी नसलेला ट्रॅक्टर काढला आणि त्याला २एन म्हटलं. पण नंबर? तो मात्र ९एन याच अक्षरांनी पुढे चालू राहिला. त्यामुळे ‘माझ्या इंजिनवर ९एन लिहिलंय म्हणजे माझा ९एनच’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याच्या दारात २एन उभा असू शकतो. मॉडेल ठरतं ते अक्षरांवरून नाही, पुढच्या आकड्यांवरून.

आणि हे सगळं फक्त हौशेपोटी नसतं बरं का. १९४७ ते १९५२ या काळात फोर्डचे ८एन हे ट्रॅक्टर पाच लाखांवर बनले. त्यांचा डिस्ट्रिब्युटर आधी इंजिनच्या पुढच्या बाजूला होता. १९५० मध्ये, २६३८४३ या नंबरापासून, तो इंजिनच्या कुशीत बसवायला सुरुवात झाली. आजही स्पेअर पार्ट मागवताना दुकानदार आधी नंबर विचारतो, तो यासाठी. चुकीचा पार्ट आला की शेतकऱ्याचा आख्खा दिवस गेला.

इंजिन बदललं की नाव बदललं

फोर्डच्या या ट्रॅक्टरांची एक गंमत आहे. नंबर कोरलेला असतो इंजिन ब्लॉकवर, डाव्या बाजूला. म्हणजे कुणी मधल्या काळात इंजिन बदललं असेल, तर ट्रॅक्टरचा नंबरच बदलला! चाकं, गिअरबॉक्स, मागचा सगळा सांगाडा १९४८ चा आणि ‘जन्मदाखला’ १९५१ चा. दुसऱ्या कंपन्यांनी नंबर कोरण्याऐवजी पाटीवर टाकला आणि ती पाटी रिव्हेटने ठोकली. पाटी काय, निघते. हरवते. आणि नवीकोरी, अगदी जुन्यासारखी पाटी विकतही मिळते. रिस्टोअर केलेला ट्रॅक्टर पूर्ण दिसावा म्हणून ती बनवतात, हे खरं. पण तीच पाटी दुसरा कुणी कशासाठी वापरेल, हे सांगायला नको.

म्हणून जाणकार माणूस पाटी बघतो आणि लगेच नजर दुसरीकडे वळवतो. ओतीव लोखंडाच्या मोठ्या भागांवर साच्यातच तारीख उमटलेली असते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागांवर महिना, दिवस आणि सालासाठी एक अक्षर असायचं. हिशोब साधा आहे : भाग आधी ओतला जातो, ट्रॅक्टर नंतर जोडला जातो. पाटी सांगते १९४१ आणि हाउसिंगवर तारीख आहे १९४६ ची, तर दोघांपैकी कुणीतरी थाप मारतंय. किंवा मधे कधीतरी तो भाग बदललाय.

बंदुकीचंही तेच. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या प्रसिद्ध सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरवर नंबर तीन ठिकाणी असतो : फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर आणि मुठीमागच्या पट्टीवर. तिन्ही जुळले तर भाव वेगळा, एक नाही जुळला तर वेगळा. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या तर छोट्या-छोट्या भागांवरही नंबराचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असायचे. लष्करी ल्यूगरचे नंबर दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे आणि दहा हजार झाले की पुढे एक अक्षर लागायचं. म्हणजे ‘४३२१’ एवढ्या आकड्यावरून काही कळत नाही. कारखाना कुठला, साल कुठलं, मागे अक्षर कुठलं, हे सगळं मिळून एक ओळख होते. नुसतं ‘पाटील’ म्हणून हाक मारली तर ऑफिसात किती जण वळून बघतील, तसंच हे!

तारीख नेमकी कशाची?

इथे प्रकरण सीरियस होतं. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि त्या कायद्याच्या बऱ्याच बंधनांतून सुटते. १८९९ मध्ये बनलेली? ती मात्र पूर्ण बंदूक, सगळे नियम लागू. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, फरक फक्त नंबराचा.

आता विंचेस्टरची १८९४ ची रायफल घ्या. तिची उत्पादनाची साल-नंबर यादी पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापली गेली. पण विंचेस्टर कारखान्याची मूळ रजिस्टरं वायोमिंगमधल्या कोडी या गावच्या म्युझियममध्ये जपलेली आहेत. ती तपासली, तर छापील यादी आणि रजिस्टर यांचं जमत नाही. शिवाय नंबर कोरला ती तारीख वेगळी आणि माल कारखान्याबाहेर पडला ती वेगळी. मग ‘जन्म’ कधीचा धरायचा? डिसेंबरमध्ये नंबर पडला आणि गोदामातून निघाली पुढच्या वर्षी, तर? हे म्युझियम फी घेऊन रजिस्टरमधली नोंद पत्रावर लिहून देतं आणि कलेक्टर ते पत्र बंदुकीइतकंच जपून ठेवतात. नंबर बंदुकीवर आहे, पण त्याचा अर्थ त्या रजिस्टरमध्ये आहे. रजिस्टर जळालं असतं, तर नंबर नुसता आकडा उरला असता.

ट्रॅक्टरवाल्यांची रायफल

ट्रॅक्टर आणि बंदूक ही जोडी ऐकून तुम्ही हसला असाल. मीही हसले होते. पण वर ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल सांगितला, त्याच कंपनीने १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी एम-१ गॅरंड रायफली बनवल्या! इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या कारखान्यात, सव्वातीन लाखांहून जास्त. एरवी ट्रॅक्टरच्या नाकावर मिरवणारं नाव इथे रायफलवर. या रायफलींना सैन्याने ४४ लाखांच्या पुढचे नंबर दिले होते. नळीवर महिना आणि साल वेगळं कोरलेलं असतं. नळी नंतरची निघाली म्हणजे लगेच फसवणूक असं नाही. सैन्यात रायफल दुरुस्तीला जायची, झिजलेली नळी बदलून परत यायची. न जुळणारा आकडा कधी चोरी सांगतो, कधी फक्त आयुष्य सांगतो.

आणि हीच कंपनी आपल्या कांदिवलीला पण आली. १९६३ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने तिच्याशी भागीदारी केली आणि इथे बी-२७५ हा ट्रॅक्टर बनायला लागला. तुमच्यापैकी ज्यांचं गाव आहे, त्यांच्या एखाद्या काकांच्या शेडमध्ये तो अजूनही उभा असेल.

तात्या आणि चार भोकं

माझ्या एका मित्राच्या तर आहेच. हा हिंजवडीत आयटीत, गाव साताऱ्याकडे. मी या विषयावर लिहितेय कळल्यावर रात्री साडेअकराला त्याचा फोन.

‘अगं, भंगारवाला आजोबांचा ट्रॅक्टर वजनावर मागतोय. तात्या म्हणतात, आजोबांनी तो नवा घेतला होता, मी विकू देणार नाही. चुलतभाऊ म्हणतो, कसला नवा, सेकंडहँड होता, इंजिनावरचा नंबर बघ. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नाहीये.’

ट्रॅक्टर राहिला बाजूला, आजोबा खरं बोलायचे की नाही इथपर्यंत गाडी आली होती. त्याने फोटो पाठवले. पाटीच्या जागी फक्त चार रिव्हेटची भोकं. इंजिनावर नंबर स्पष्ट. मी म्हटलं, नंबर घेऊन काय करणार, आधी कागद शोधा. तात्यांनी ट्रंक उपसली. जुनं आरसी बुक निघालं, पहिले मालक म्हणून आजोबांचं नाव. पण त्यातला इंजिन नंबर वेगळा! चुलतभाऊ म्हणाला, बघा, मी म्हणत होतो. मग त्याच ट्रंकेत, विम्याच्या कागदांखाली, तालुक्याच्या वर्कशॉपची एक पावती मिळाली. जुनं इंजिन गेलं, दुसरं बसवलं. आणि पुढे, बुकाच्या मागच्या पानावर आरटीओची नोंदही होती.

म्हणजे तात्याही खरे आणि चुलतभाऊही खरा. ट्रॅक्टर नवा घेतलेला, इंजिन सेकंडहँड. तात्या मित्राला एवढंच म्हणाले, ‘बाबांनी कागद ठेवले म्हणून बरं.’ भंगारवाल्याला परत पाठवलं. आता दिवाळीत त्याला रंग लावायचं ठरतंय.

नंबरवरून रणगाडे मोजले!

नंबर एका वस्तूबद्दल बोलतो, तसाच तो आख्ख्या कारखान्याबद्दलही बोलतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतंय, हे दोस्तराष्ट्रांना जाणून घ्यायचं होतं. हेर सांगत होते हजार, दीड हजार. मग आकडेशास्त्रवाल्यांनी पकडलेल्या रणगाड्यांवरचे, त्यांच्या गिअरबॉक्सवरचे नंबर गोळा केले आणि हिशोब मांडला.

युक्ती तुम्हाला उद्या लंच ब्रेकमध्ये करून दाखवता येईल. समजा एका शहरात रिक्षांना १ पासून नंबर दिलेत आणि तुम्हाला पाच रिक्षा दिसल्या : १२, ४७, ६३, ८८, ११०. सगळ्यात मोठा नंबर ११०. त्याला पाचने भागा, २२. दोन्हींची बेरीज १३२, त्यातून एक वजा. अंदाज : १३१ रिक्षा. झालं!

जून १९४० साठी हेरांचा आकडा होता १०००, आकडेशास्त्राचा १६९. युद्ध संपल्यावर जर्मन कागदपत्रं हाती लागली, तेव्हा खरा आकडा निघाला १२२. ऑगस्ट १९४२ साठी हेर म्हणाले १५५०, नंबर म्हणाले ३२७, आणि खरे होते ३४२. जर्मन शिस्तीने प्रत्येक भागावर क्रमाने नंबर टाकले आणि त्या शिस्तीनेच गुपित फोडलं.

घासून जात नाही

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर एक इटालियन कारकानो रायफल सापडली. नंबर सी२७६६. तपास करणारे त्या नंबरावरून न्यूयॉर्कच्या आयातदाराकडे गेले, त्याच्याकडून शिकागोच्या एका मेल ऑर्डर दुकानाकडे. दुकानातल्या लोकांनी रात्रभर मायक्रोफिल्म धुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ऑर्डर सापडली : ए. हिडेल, डॅलसचा एक पोस्ट बॉक्स, पैसे २१ डॉलर ४५ सेंट. तो पोस्ट बॉक्स होता ली हार्वे ऑस्वाल्डचा. कॉम्प्युटर नव्हता, होती फक्त तीन ठिकाणची नीट ठेवलेली नोंद. प्रत्येक नव्या बंदुकीवर नंबर हवाच, ही सक्ती अमेरिकेत आली ती त्यानंतर, १९६८ च्या त्याच कायद्याने.

मग चोर काय करतो? नंबर घासून टाकतो. पण लोखंड विसरत नाही. ठसा मारताना वरची खाच पडते तशी खालची धातूही दबते. वरचे आकडे घासले तरी ती दबलेली धातू आत राहते. फोरेन्सिक लॅबमध्ये पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर अ‍ॅसिडचं मिश्रण लावतात. दबलेली धातू आणि बाकीची धातू वेगवेगळ्या वेगाने विरघळते आणि पुसलेले आकडे हळूहळू वर येतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीवरचा नंबर खोडणं हा गुन्हा आहे. तशी बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच नंबर खोडला असं धरलं जातं. नाही खोडला, हे त्याने सिद्ध करायचं.

आता तुमची बाइक

बंदूक आपल्यापैकी कुणी घेणार नाही, ट्रॅक्टरही बहुतेक नाही. पण सेकंडहँड बाइक किंवा कार? पहिल्या अ‍ॅप्रेझलनंतर निम्मं ऑफिस तेच शोधत असतं. तर ट्रॅक्टरवाल्यांकडून एवढं शिकून घ्या.

चेसिस नंबर स्वतः, गाडीवर वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर नाही. बाइकवर तो बहुतेक वेळा हँडलजवळ, फ्रेमच्या मानेवर असतो. आताच्या गाड्यांवर तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. यापैकी एक जरी दिसलं तरी तिथेच थांबा. पहिली तीन अक्षरं कंपनीची : एमएटी म्हणजे टाटा, एमए३ म्हणजे मारुती, एमडी२ म्हणजे बजाज, एमई३ म्हणजे रॉयल एनफिल्ड. गाडी एका कंपनीची आणि अक्षरं दुसरीची, तर ‘पेपर नंतर देतो’वाल्याला नमस्कार करून निघा.

मग पत्र्याकडे बघा. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे आहेत का? आजूबाजूला घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेल्डिंग? आरटीओच्या कामाला लागते तशी पेन्सिल प्रिंट स्वतःच काढा. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल फिरवायची. हात मारलेला आकडा डोळ्यांना फसवेल, कागदावर उघडा पडतो. मग इंजिन नंबर. मग दोन्ही आरसीशी आणि सरकारच्या वाहन नोंदीशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असू शकतं, त्यात काही गैर नाही. पण तसं असेल तर त्याची नोंद हवी आणि पावती हवी. नुसतं ‘मेकॅनिकने बदललं होतं’ याला काही अर्थ नाही. गाडी चोरीची निघाली तर पोलीस गाडी घेऊन जातात आणि तुमच्याकडे उरतात फक्त ईएमआयचे मेसेज.

आणि तुमची गाडी शोरूममधून घेतलेली, अगदी पहिल्या मालकाची असेल, तर? तरीही आज घरी गेल्यावर तिची पेन्सिल प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवाच, पावत्यांसकट. पन्नास वर्षांनी तुमची नातवंडं शेडमध्ये उभी राहून भांडतील, तेव्हा तुम्ही खरं बोलत होता हे सांगायला तीच फाइल कामाला येईल.